बुद्धिबळाचा पट आणि अवधचे राज्य : एक कथा, एक चित्रपट आणि १८५६

१/ ७ फेब्रुवारी १८५६ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने अवधचे राज्य खालसा केले. लढाई झाली नाही, तोफ डागली गेली नाही. त्या दिवशी लखनौ काय करीत होते, असा प्रश्न आला की अनेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते: बाहेरून गोऱ्यांची फौज शहरात शिरते आहे आणि दोन सरदार बुद्धिबळाच्या पटावरून मान वर करायला तयार नाहीत. हे चित्र कोणत्याही दप्तरातून आलेले नाही. ते प्रेमचंदांच्या एका कथेतून आले आणि सत्यजित राय यांच्या चित्रपटाने लोकांच्या मनात पक्के केले. कथा, चित्रपट आणि प्रत्यक्ष घटना या तिघांची ही हकीकत.

२/ प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाड़ी’ ही कथा १९२४ मध्ये लखनौच्याच ‘माधुरी’ या हिंदी मासिकात प्रसिद्ध झाली. अर्ध्या तासात वाचून संपणारी ही कथा. मिर्ज़ा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे वडिलोपार्जित जहागिरीवर जगणारे दोन मित्र. पोटाची चिंता नाही, कामाची सवय नाही. सकाळी पट मांडायचा आणि रात्री उचलायचा, एवढाच दिनक्रम. त्यांच्याभोवतीचे सारे शहरही प्रेमचंदांनी तसेच रंगवले आहे: बटेर-तितरांच्या झुंजी, अफू, मैफली. गरीब आणि श्रीमंत, दोघेही आपापल्या ऐपतीप्रमाणे सुखात बुडालेले.

३/ मिर्ज़ांची बेगम या खेळाला वैतागून एके दिवशी डावच उधळून लावते. मग पट मीरसाहेबांच्या घरी मांडला जातो. तिथे वेगळीच अडचण निघते, कारण मीरसाहेबांच्या बेगमला नवरा घराबाहेर असणेच सोयीचे असते. एक घोडेस्वार येऊन मीरसाहेबांना बादशाही फौजेचे बोलावणे देतो आणि दोघांचीही गाळण उडते. युद्धावर जाण्याऐवजी ते पहाटे उठून गोमतीपलीकडच्या एका ओसाड मशिदीत पट घेऊन जाऊ लागतात. घरापासून पळालेले दोघे आता राज्यापासूनही पळतात.

४/ त्या मशिदीतून त्यांना कंपनीची फौज लखनौकडे जाताना दिसते. परत येताना बंदिवान नवाबही दिसतो. दोघे हळहळतात आणि पुढची चाल खेळतात. मात्र संध्याकाळी एका मोहऱ्यावरून वाद पेटतो, एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार होतो आणि तलवारी निघतात. बादशहासाठी ज्यांच्या डोळ्यांतून पाणी आले नाही, ते पटावरच्या वजिरापायी एकमेकांना मारून मरतात. ते भित्रे नव्हते, हीच कथेतली खरी बोचरी गोष्ट आहे. शौर्य होते, ते खर्ची कुठे घालावे, याचे भान उरले नव्हते.

५/ ही कथा कधी लिहिली गेली, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचा रोख कळत नाही. १९०९-१०च्या सुमारास सरकारी रोषामुळे ‘सोज़े-वतन’ या संग्रहाच्या प्रती जप्त झाल्या आणि ‘नवाबराय’ या नावाने लिहिणारे धनपतराय ‘प्रेमचंद’ झाले. फेब्रुवारी १९२१ मध्ये असहकार चळवळीच्या काळात त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी चौरीचौराच्या घटनेनंतर गांधीजींनी चळवळ थांबवली. १९२४चे साल हे ओसरलेल्या उत्साहाचे साल होते. स्वतःच्या बैठकीत रमलेल्या सुशिक्षित आणि सुखवस्तू वाचकासमोर प्रेमचंदांनी ६८ वर्षांपूर्वीचा आरसा धरला.

६/ म्हणून कथेचा सवाल ‘इंग्रजांनी अवध कसे घेतले?’ हा नाही. ‘आपण ते कसे जाऊ दिले?’ हा आहे. आत्मपरीक्षण करू पाहणाऱ्या समाजाला असा सवाल विचारण्याचा अधिकार आहेच. पण तो विचारताना लेखकाने इतिहास आवळून घेतला. कथेत फौज येते, नवाब कैद होतो आणि त्याला नेले जाते, हे सारे जणू एका दिवसात उरकते. प्रत्यक्षात काय घडले, ते पाहण्यासाठी अर्धशतक मागे जावे लागते.

७/ १८०१ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली याने नवाब सआदत अली खान याच्याकडून तह लिहून घेतला. तैनाती फौजेच्या खर्चापोटी अवधचा सुमारे निम्मा मुलूख कंपनीकडे गेला. उरलेल्या मुलखात नवाबाने स्वतःची फौज कमी करावी आणि कारभार कंपनीच्या सल्ल्याने करावा, असे ठरले. पेशवाईत वसईच्या तहाने जे १८०२ मध्ये सुरू झाले, त्याचाच हा सख्खा भाऊ. अशा व्यवस्थेत सत्ता रेसिडेंटकडे राहते आणि दोष नवाबाच्या पदरी पडतो. कारभार सुधारायचा तर हात बांधलेले. बिघडला तर तेच राज्य घेण्याचे कारण.

८/ याच काळात अवधचा खजिना कंपनीच्या उपयोगी पडत होता. नेपाळशी युद्ध चालू असताना गाज़ीउद्दीन हैदर याने कंपनीला दोन वेळा प्रत्येकी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. १८१९ मध्ये कंपनीच्याच प्रोत्साहनाने तो ‘बादशहा’ झाला. तेव्हापासून अवधचे शासक कागदोपत्री राजे होते, पण त्यांच्या राजधानीत कंपनीची फौज आणि रेसिडेन्सी ठाण मांडून होती. वाजिद अली शाह फेब्रुवारी १८४७ मध्ये गादीवर आला, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेले राज्य हे असे होते.

९/ वाजिद अली शाह ठुमरीचा रसिक आणि रचनाकार, कथकाचा आश्रयदाता, नाटके रचणारा आणि बसवणारा राजा. कारभाराकडे त्याचे दुर्लक्ष झाले, हे खोटे नाही. पण एवढीच गोष्ट सांगणे अपुरे आहे. लखनौच्या संस्कृतीचा इतिहास लिहिणाऱ्या अब्दुल हलीम शरर यांनी नोंदवले आहे की, राज्यारोहणानंतर सुरुवातीला त्याने फौजेत बराच रस घेतला होता. ‘बांका’, ‘तिरछा’ अशी खास लखनवी नावे त्याने पलटणींना दिली होती. त्या उत्साहाचे पुढे काही झाले नाही. मांडलिक राजाच्या फौजेला करण्यासारखे कामच उरले नव्हते.

१०/ इथे एक नेहमीची गल्लत दूर करायला हवी. डलहौसीने सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर व झाशी १८५४ मध्ये घेतली, ती दत्तक नामंजूर करून. अवधला ते कारण लागू नव्हते. राजा जिवंत होता आणि औरस पुत्रही होते. म्हणून तिथे ‘गैरकारभार’ हे कारण पुढे करण्यात आले. रेसिडेंट स्लीमन याने १८४९-५० मध्ये मुलखाचा दौरा करून दरबाराविरुद्ध कठोर अहवाल लिहिला. पण राज्य सरळ गिळंकृत करण्याला त्याचा विरोध होता. अहवाल वापरला गेला. विरोध बाजूला राहिला.

११/ स्लीमननंतर आला जेम्स आउट्रम. मराठी मुलखाला हे नाव नवे नाही. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा अधिकारी तो हाच. पुढे काही काळ तो साताऱ्यालाही रेसिडेंट होता. सिंध प्रांत घेतला गेला, तेव्हा त्या कृत्यावरून त्याने वरिष्ठ सेनानी नेपियरशी जाहीर वाद घातला होता. असा मनुष्य १८५६ मध्ये अवध घेण्याचा हुकूम बजावायला उभा होता. हा विरोधाभास प्रेमचंदांच्या कथेत नाही. आउट्रम तिथे पात्र म्हणूनही येत नाही. तो पकडला राय यांनी.

१२/ ४ फेब्रुवारी १८५६ रोजी आउट्रमने वाजिद अली शाहसमोर नवा तह ठेवला. राज्य कंपनीच्या हवाली करायचे आणि वार्षिक तनखा घ्यायचा, असा त्याचा मतलब. विचाराला मुदत ३ दिवसांची. त्या दिवशी राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांची शस्त्रे आधीच काढून घेण्यात आली होती आणि तोफा गाड्यांवरून उतरवल्या होत्या. हुकूम खुद्द नवाबाचा. त्याने स्वतःच्या डोक्यावरची पगडी उतरवून आउट्रमच्या हाती दिली, पण तहावर सही केली नाही. ७ फेब्रुवारीला जाहीरनामा काढून राज्य खालसा झाले.

१३/ सही न करणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. सही असती, तर राज्य राजीखुशीने सोडले असा कागद कंपनीच्या हाती पडला असता. ती नसल्यामुळे कंपनीचे कृत्य कायद्याच्या भाषेतही जबरदस्तीच ठरले. शिवाय नवाबाला त्या दिवशी कैद झाली नाही. तो १३ मार्च १८५६ रोजी लखनौ सोडून कलकत्त्याकडे निघाला. लंडनला जाऊन दाद मागण्याचा त्याचा बेत होता. प्रकृतीमुळे तो कलकत्त्यातच राहिला आणि त्याची आई मलिका किश्वर ही राणी व्हिक्टोरियाच्या दरबारी गाऱ्हाणे घेऊन इंग्लंडला गेली. परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये तिचा पॅरिसमध्ये अंत झाला. तिची कबरही तिथेच आहे.

१४/ आता चित्रपटाकडे. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये ‘शतरंज के खिलाड़ी’ बनवला. बंगालीबाहेरचा हा त्यांचा पहिला कथापट. त्यांना ना हिंदी अवगत होती ना उर्दू. म्हणून पटकथा त्यांनी इंग्रजीत लिहिली आणि संवादांचे काम शमा ज़ैदी व जावेद सिद्दीकी यांनी सांभाळले. संजीव कुमार मिर्ज़ा झाले, सईद जाफ़री मीर. अमजद खान यांनी वाजिद अली शाह साकारला आणि रिचर्ड ॲटनबरो यांनी आउट्रम. निवेदनाला आवाज अमिताभ बच्चन यांचा. नृत्याची बाजू बिरजू महाराजांकडे होती. त्यांच्या घराण्याच्या पूर्वजांना वाजिद अली शाहच्या दरबाराचा आश्रय लाभला होता.

१५/ राय यांच्यापुढे अडचण साधी होती. कथा दोन माणसांची, आणि ज्या राज्याच्या पतनावर ती उभी आहे ते राज्य कथेत जवळजवळ दिसतच नाही. प्रेमचंदांच्या वाचकाला ते ठाऊक होते. १९७७च्या प्रेक्षकाला ते सांगावे लागणार होते. म्हणून त्यांनी पटासमोर दुसरा पट मांडला. एकीकडे मिर्ज़ा आणि मीर, दुसरीकडे नवाब आणि आउट्रम. डलहौसीने अवधला कधी ना कधी तोंडात पडणाऱ्या फळाची उपमा एका पत्रात दिली होती. राय यांनी तिचे हलते व्यंगचित्रच सुरुवातीला दाखवले. दप्तरातला कागद पडद्यावर असा येतो.

१६/ घरगुती प्रसंग मात्र त्यांनी कथेतलेच घेतले आणि फुलवले. मिर्ज़ांच्या बेगमच्या भूमिकेत शबाना आझमी आहेत. कथेत ती डाव उधळते. चित्रपटात मोहरीच नाहीशी होतात. मग दोघे खिलाडी लिंबे, टोमॅटो, मिरच्या मांडून खेळायला बसतात. प्रसंग हसू आणणारा आहे, पण त्यातच व्यसनाची खोली कळते. कथेत ही बायको त्रासिक वाटते. पडद्यावर ती उपेक्षित वाटते. एकाच प्रसंगाकडे दोन माध्यमे कशी निरनिराळ्या बाजूंनी पाहतात, याचा हा चांगला नमुना.

१७/ सर्वांत मोठा बदल शेवटाचा. चित्रपटात ओसाड मशीद सापडतच नाही आणि पट झाडाखाली मांडला जातो. भांडण होते, पिस्तुलाची गोळी सुटते, पण ती मिर्ज़ांच्या शालीला चाटून जाते. दोघेही जिवंत राहतात. आधी चित्रपटात एका परिचिताने त्यांना इंग्रजी पद्धतीचा खेळ समजावून दिलेला असतो: प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे जाते आणि वजिराच्या जागी राणी असते. शेवटी दोघे त्याच इंग्रजी नियमांनी नवा डाव सुरू करतात. मराठी माणूस आजही त्या मोहऱ्याला वजीरच म्हणतो, त्यामुळे वजीर हटून राणी व्हिक्टोरिया येण्याचा अर्थ त्याला लगेच लागतो.

१८/ प्रेमचंदांनी सरदारांना मारले, राय यांनी जगवले. या फरकात ५३ वर्षांचे अंतर आहे. १९२४ मध्ये परकी सत्ता डोक्यावर होती. तो वर्ग मेला पाहिजे, असे लेखकाला म्हणायचे होते. १९७७ पर्यंत राज्य जाऊन तीस वर्षे झाली होती आणि दिसले होते ते असे की, असे लोक मरत नाहीत. नवे नियम शिकून घेतात. कथेचा शेवट शिक्षा सुनावतो. चित्रपटाचा शेवट केवळ बघतो, आणि म्हणून अधिक अस्वस्थ करतो.

१९/ चित्रपटावर टीकाही झाली. १९७८ मध्ये मुंबईच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’त राजबन्स खन्ना यांनी आक्षेप घेतला की, राय यांनी इंग्रजांनी रंगवलेला दुबळा, विलासी वाजिद अली शाहच पडद्यावर आणला. राय यांनी त्याच साप्ताहिकात सविस्तर उत्तर दिले आणि आपण कोणते ग्रंथ व कागद वाचले, तेही सांगितले. वाद महत्त्वाचा होता. ‘नवाब नालायक होते’ हे वाक्य प्रथम कंपनीने आपल्या सोयीसाठी उच्चारले. पुढे तेच वाक्य राष्ट्रवादी लेखकाने आत्मटीका म्हणून वापरले. शब्द तेच असले, तरी बोलणारा बदलला की त्यांचे प्रयोजन बदलते. आणि ऐकणाऱ्याला हा फरक कळला नाही, तर आत्मटीका नकळत कंपनीची वकिली करू लागते.

२०/ शिवाय दोन्ही कलाकृती १८५६ पाशी थांबतात. लखनौ तिथे थांबले नाही. कंपनीच्या बंगाल फौजेतले फार शिपाई अवधचेच होते. राज्य गेल्याची झळ त्यांच्या घरांना आणि गावांना लागली. ३० मे १८५७ रोजी लखनौत उठाव झाला. ३० जून रोजी चिनहटला कंपनीच्या फौजेचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. जुलैमध्ये बेगम हज़रत महलने आपल्या अल्पवयीन पुत्राला, बिरजिस कद्रला गादीवर बसवले. सप्टेंबरमध्ये वेढ्यात अडकलेल्यांच्या मदतीला जे सेनानी आत शिरले आणि स्वतःच कोंडले गेले, त्यांत एक होता आउट्रम. ज्या शहराने मुकाट्याने मान तुकवली असे सांगितले जाते, ते इंग्रजांना पुन्हा ताब्यात आणण्यासाठी मार्च १८५८ उजाडावा लागला.

२१/ म्हणजे प्रेमचंद चुकले का? नाही. त्यांनी एका वर्गाविषयी लिहिले, आणि त्या वर्गाचे चित्र खरे आहे. चूक होते ती वाचकाची, जेव्हा तो दोन जहागीरदारांना सगळे लखनौ समजतो. राय यांनी सही नाकारणारा नवाब दाखवून ती चूक काही अंशी दुरुस्त केली. उरलेली दुरुस्ती, म्हणजे १८५७चे लखनौ, वाचकाने स्वतः करायची आहे.

२२/ प्रेमचंदांची आणखी एक कथा राय यांनी पडद्यावर आणली, ती ‘सद्गती’. १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेल्या या लघुपटात ओम पुरी आणि स्मिता पाटील आहेत. इथे राय यांनी कथेत फारसा बदल केला नाही. दुसरा पट मांडला नाही, शेवट फिरवला नाही. जातीच्या उतरंडीत वेठीला राबून मरणाऱ्या दुखीची गोष्ट समजण्यासाठी प्रेक्षकाला पार्श्वभूमी सांगण्याची गरज नव्हती. ती परिस्थिती इतिहासजमा झालीच नव्हती.

२३/ प्रेमचंदांना स्वतःला चित्रसृष्टी मानवली नाही. १९३४ मध्ये ते मुंबईला अजंता सिनेटोन या कंपनीत लेखक म्हणून आले. ‘मज़दूर’ या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली. सेन्सॉरने तो अडवून धरला. वर्षभरात ते बनारसला परतले आणि १९३६ मध्ये गेले. त्यांच्या कथांचे सर्वोत्तम चित्रपट त्यांच्या मागे चार दशकांनी झाले, तेही त्यांची भाषा न येणाऱ्या दिग्दर्शकाच्या हातून.

२४/ ही कथा आता स्वामित्वहक्कापासून मुक्त आहे आणि सहज मिळते. क्रम असा ठेवावा: आधी कथा वाचावी, मग चित्रपट पाहावा आणि त्यानंतर १८०१चा तह ते १८५८चा पाडाव एवढा इतिहास चाळावा. कथा वाचताना राग येतो तो मिर्ज़ा आणि मीर यांचा. चित्रपट पाहताना तो आउट्रमपर्यंत पोहोचतो. तहाची कलमे वाचल्यावर कळते की खेळ १८५६ मध्ये सुरू झालाच नव्हता. त्या साली फक्त शेवटची चाल झाली.